स्वतंत्र पांढरमळा आणि तात्यांचा रस्ता

आधी चहा घ्या, मग सांगतो. मध्ये कुणाला ठसका लागला तर माझी जबाबदारी नाही.

माणसं काय काय घोळ घालतात. कुणी चुकीच्या एसटीत बसतं, कुणी दुसऱ्याच्याच वरातीत तासभर नाचून येतं. मी एक देश स्थापन केला. हसू नका. पुस्तकात दिलाय तसा, चारही लक्षणं असलेला देश. आणि तो कुठल्या सैन्यानं नाही बुडवला. त्याला मान्यता मिळाली, म्हणून तो बुडाला.

मी बारामतीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. राहतो मात्र इंदापूर तालुक्यात, खैरेगावच्या पांढरमळा नावाच्या वस्तीवर. सकाळी मोटारसायकलवर बारामती, संध्याकाळी परत. याशिवाय माझा आणखी एक उद्योग आहे. मी लग्नात माईकवर निवेदन करतो. आवाज देवानं दिलाय, तो वर्गात वाया जातो असं माझ्या बायकोचं मत आहे.

आता आमच्याकडच्या लग्नात माईकवाल्याला काय महत्त्व असतं ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अक्षता पडायच्या आधी आलेल्या प्रत्येक वजनदार पाहुण्याचं नाव पदासकट पुकारावं लागतं. अमुक गावचे सरपंच, तमुक सोसायटीचे चेअरमन, कारखान्याचे माजी संचालक. नाव पुकारलं की तो माणूस स्टेजवर येणार, टॉवेल-टोपी-नारळ घेणार, फोटो काढणार. कोण आलंय हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या मांडवातून माझ्याकडे येत राहतात. चिठ्ठी हातात आली की वाचायची, अर्थ नंतर लावायचा, हा आमच्या धंद्याचा नियम. एकदा मी ‘दारात आडवी लावलेली पांढरी जीप’ इतक्या आदरानं पुकारली, की जीपवाला सत्कार घ्यायला स्टेजवर आला. आला म्हणून दिला मग नारळ.

आणि मुख्य गोष्ट अशी, की माईकवर एकदा ज्या पदासकट नाव पुकारलं जातं ते पद त्या माणसाला चिकटतं. पुढच्या लग्नातला निवेदक तेच म्हणतो, त्याच्या पुढचाही तेच. तीन निवडणुका हरलेले लोक आमच्याकडे अजून चेअरमन आहेत ते केवळ माईकच्या जोरावर.

तर, तात्या. आत्मारामतात्या माझे चुलतभाऊ, पण वयानं वडिलांच्या जागी. ऊस, चार म्हशी, आणि एकुलती एक मुलगी सोनाली. सोनूचं लग्न पणदऱ्याच्या मुलाशी ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळं चांगलं. वाईट होता तो फक्त आमचा रस्ता.

रस्ता हा शब्दसुद्धा मी शिक्षक आहे म्हणून वापरतो. मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून वस्तीपर्यंत काळी माती, आणि बाजूच्या कॅनॉलचा पाझर. बारा महिने चिखल. बोलणी करायला पणदरेकर आले तेव्हा त्यांची गाडी चिखलात बसली. ट्रॅक्टर लावून ओढली. मुलाचे वडील कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत चालत वस्तीवर पोचले तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी अजून तिथंच कुठंतरी आहे.

माणूस सज्जन. म्हणाले, “तात्या, मनाला लावून घिऊ नका. लगीन कार्यालयात करू की.”

तात्यांनी स्वतः तांब्या घेऊन त्यांच्या पायावर पाणी घातलं.  पाहुणे गेल्यावर ओट्यावर बसून मला म्हणाले, “दिन्या, माझ्या तिन्ही भनी ह्या दारातनं सासरी गेल्या. एक पोरगी हाय मला, ती काय भाड्याच्या हॉलातनं घालवू? वैशाखाच्या आत रस्ता झाला पायजे. नवरदेवाची गाडी ह्या दारात लागली पायजे.”

मला गलबलून आलं. मी म्हणालो, “तात्या, होणार. मी आहे ना.”

या ‘मी आहे ना’नंच पुढचं सगळं रामायण घडवलं.

आम्ही ग्रामसभेला गेलो. खैरेगावचे सरपंच बापूराव. जाडजूड, शांत माणूस, बोलणं कमी आणि तंबाखू जास्त. तात्यांनी रस्त्याचं गाऱ्हाणं मांडलं. बापूरावांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, “बघू.”

सरपंचाचं ‘बघू’ म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या वस्तीला समाजमंदिराचं ‘बघू’ मिळालं होतं, दिव्यांचं ‘बघू’ मिळालं होतं. ती सगळी ‘बघू’ एकावर एक ठेवली असती तर त्यावरून गाडी आली असती.

संध्याकाळी दूध घालायला सगळी वस्ती डेअरीवर जमली. तात्या कॅनला टेकून बसलेले. माझं डोकं तापलेलं. आणि नेमकं त्याच दिवशी मी वर्गात मान्यता नसलेल्या देशांचा धडा शिकवून आलो होतो. झालं. मी कॅनवर हात ठेवून सुरू केलं.

म्हणालो, जगात असे काही प्रदेश आहेत जे मूळ देशातून फुटून निघाले. काळ्या समुद्राच्या बाजूला आहेत, आफ्रिकेत आहेत. त्यांचा झेंडा आहे, राष्ट्राध्यक्ष आहे, पोलीस आहेत. काहींच्या स्वतःच्या नोटासुद्धा आहेत. पण जग त्यांना देश मानत नाही.

“मग कोन मानतं?” तात्यांनी विचारलं.

“बहुतेक कुणीच नाही. आणि गंमत म्हणजे, ते एकमेकांना मानतात.”

“आन रस्तं?”

“रस्ते असतात की.”

तात्यांनी मान वर केली. “कुनी मानत न्हाय, तरी रस्तं हायेत?”

“आहेत. कारण सरकार त्यांचं स्वतःचं आहे.”

“आन आपल्याला समदं मानत्यात, आन रस्ता न्हाय.”

डेअरीवर एकदम शांतता पसरली. म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली असं मला वाटलं. अशी शांतता माझ्या वर्गात कधी पडली नाही. मला चेव आला. मी राज्याची चार लक्षणं सांगितली. लोकसंख्या, भूभाग, शासन आणि इतरांशी संबंध ठेवण्याची क्षमता. मग म्हणालो, विद्वानांत दोन मतं आहेत. एक म्हणतं, ही चार लक्षणं असली की राज्य झालंच, कुणी मानो न मानो. दुसरं म्हणतं, इतरांनी मानल्याशिवाय राज्य होतच नाही.

तात्यांनी विचार केला. “म्हंजी पयला म्हनतो, अक्षता पडल्या की लगीन झालं. दुसरा म्हनतो, पावनं जेवून गेल्याबगर लगीन न्हाय.”

पंधरा वर्षं मी हा धडा शिकवतोय, इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

“तात्या,” मी म्हणालो, “आपण स्वतंत्र ग्रामपंचायत मागू. पांढरमळा वेगळं गाव. आपला सरपंच, आपला रस्ता.”

रीतसर मार्गानं जावं म्हणून मी इंदापूरला चौकशी करून आलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, गाव वेगळं करायचं तर आधी मूळ गावाच्या ग्रामसभेचा ठराव आणा. म्हणजे ज्याच्यापासून फुटायचं त्याचीच परवानगी. जगात सगळे फुटीर नेमके इथंच अडतात हो. मी मनात म्हटलं, बापूरावांकडून ‘बघू’ घेण्यापेक्षा आधी स्वातंत्र्य जाहीर करू, मान्यता मागाहून गोळा करू.

दुसऱ्या रविवारी फाट्यावर पाटी लागली. ‘स्वतंत्र पांढरमळा’. तात्या एकमतानं सरपंच झाले, कारण खुर्ची त्यांच्याच घरात होती. डेअरीची खोली हे कार्यालय. शिक्का बारामतीहून बनवून आणला. शिक्केवाला भलता काटेकोर, म्हणाला, “सर, सरपंच असं नुसतं न्हाय करनार. नियोजित टाकतो.” त्यामुळे तात्या आमचे नियोजित सरपंच.

सरहद्दीवर आडवा बांबू लावला. पहिलं वाहन आलं ते दुधाचा टेंपो. ड्रायव्हरनं बांबूकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “मी खैरेगावच्या रूटवर हाय. हे येगळं गाव आसंल तर माझ्या रूटवर न्हाय. दूध तुमचं तुमीच पिवा.” बांबू ताबडतोब वर गेला आणि पुन्हा कधी खाली आला नाही. पुढं त्यावर कुणाच्या तरी वाळवणाचं फडकं दिसायला लागलं. तोच आमचा झेंडा समजा.

माझी बायको मंदा हे सगळं दारातून पाहत होती. आमचं घर वस्तीच्या अगदी टोकाला, तात्यांच्या अंगणाच्या पलीकडे. ती एवढंच म्हणाली, “अवो, रस्ता मागायला गेलावता नव्हं तुमी? ह्यो बांबू कशाला आनला?”

“तुला आंतरराष्ट्रीय राजकारण कळायचं नाही,” मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता मान्यता. देशांना मान्यता कशी मिळते? दुसऱ्या देशाचा प्रमुख भेटतो, हस्तांदोलन होतं, फोटो निघतो, जग बघतं. आमच्या दोन तालुक्यांत हे सगळं कुठं होतं? लग्नात. आणि लग्नातला माईक कुणाच्या हातात? माझ्या.

मी सुरुवात छोट्या लग्नापासून केली. भावकीतलंच लग्न होतं. चार नावं पुकारली आणि पाचवं सहज आवाज न चढवता घेतलं. “पांढरमळा गावचे सरपंच, आदरणीय आत्मारामराव. त्यांनी कृपया व्यासपीठावर यावं.”

तात्या जागचे हलेनात. त्यांना वाटलं, दुसरंच कुणीतरी आत्माराम आहे. शेजाऱ्यानं ढोसलं तेव्हा उठले. टॉवेल घेतला, टोपी घेतली, नारळ घेतला आणि स्टेजवरून उतरताना त्यांची चाल बदललेली होती. छाती पुढं, हात मागं. सोनूनं घरी ती टोपी देवाजवळ ठेवली.

पण पुढं ते इतकं सोपं नव्हतं. खैरेगावशी कुणाला वाकडं घ्यायचं नव्हतं. पणदऱ्याच्या व्याह्यांच्या भावकीत एक लग्न होतं, तिथं तात्यांना पुकारा अशी मी त्यांना गळ घातली, तर ते म्हणाले, “सर, तात्या आमचं व्याही. त्यास्नी पयल्या रांगत बशिवतो. फेटा बांधतो. पर सरपंच म्हनून न्हाय पुकारनार. बापूरावासंगं आमचं चांगलं हाय.” शेवटी त्यांनी पुकारलं ते ‘पांढरमळा परिसरातील प्रगतशील शेतकरी’ म्हणून. मोठमोठे देश तरी दुसरं काय करतात? कार्यालय उघडायचं, धंदा करायचा, पण पाटीवर दूतावास लिहायचं नाही.

पूर्ण, बिनशर्त मान्यता आम्हाला दिली ती फक्त एकानं. शेळगावच्या वाटेवर लिंबाची वस्ती म्हणून आहे. तीही आपल्या गावाशी भांडून फुटलेली. तिचे स्वयंघोषित सरपंच गुलाबराव एक दिवस बुलेटवरून आमच्या हद्दीत आले, चिखलात उतरले, आणि तात्यांना मिठी मारून म्हणाले, “तुमी आमाला माना, आमी तुमाला मानतो.” डेअरीच्या खोलीत करार झाला. चहा खैरेगावच्या दुकानातून आला, कारण आमच्या देशात हॉटेल नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला होता. पुस्तकात लिहिलंय अगदी तसंच घडत होतं. पुस्तकात अशा देशांचं पुढं काय होतं तेही लिहिलंय, पण ते पान मी तेव्हा आठवलं नाही.

आणि मग मोठी संधी आली. बापूरावांच्या पुतण्याचं लग्न. काटेवाडीच्या बाजूला मोठं कार्यालय घेतलेलं. दोन्ही तालुक्यांतलं कुणीही यायचं राहणार नव्हतं. आणि बापूराव स्वतः माझ्या घरी आले. चिखल तुडवत. म्हणाले, “सर, माईकवर तुमीच पायजेत. आवाज तुमचाच.”

मी तिथं तुमचं नाव पुकारतो, असं तात्यांना सांगितलं तर त्यांनी दोन्ही हात हलवले. “दिन्या, त्याच्याच मांडवात? नको बाबा. त्यानं इश्वासानं बोलिवलंय.”

“तात्या, सगळं जग तिथं असणार. इथं नाव पुकारलं की मान्यता पक्की. मग रस्ता आपलाच.”

“रस्ता व्हईल?”

“होणार म्हणजे होणार.”

रस्त्याचं नाव काढलं की तात्या विरघळायचे. हो म्हणाले.

कार्यालय खचाखच भरलेलं. मी नावं पुकारत गेलो. सरपंच, उपसरपंच, चेअरमन, संचालक. बापूराव स्टेजच्या कडेला उभे राहून प्रत्येकाला नारळ देत होते. मी एक दीर्घ श्वास घेतला आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला आवाज लावला.

“आणि आता मी व्यासपीठावर आमंत्रित करतो, स्वतंत्र पांढरमळा गावचे प्रथम सरपंच, आदरणीय आत्मारामराव यांना.”

वाजंत्री थांबली. समोरच्या रांगेतल्या मोठ्या माणसांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापूरावांकडे. बापूरावांचा नारळ धरलेला हात तसाच हवेत. आता हा नारळ माझ्याच डोक्यात बसतो असं वाटून मी माईकच्या दांड्यामागं सरकलो. दांडा बोटाएवढा जाड, तरी सरकलो.

बापूराव हळूहळू माझ्याकडे आले. दांड्यावरचा माईक काढून घेतला. आणि म्हणाले, “बरूबर हाय सरांचं.”

मांडव थक्क.

“पांढरमळ्याची मान्सं कैक दिस म्हनत्यात, आमाला येगळं व्हायचं. कुनाला डांबून ठिवायचं गाव न्हाय आपलं. आजपास्नं खैरेगावची पांढरमळ्याला मान्यता. तात्या, या वर.”

असं म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढला आणि तात्यांना घातला. टाळ्यांनी कार्यालय दणाणलं. फोटो निघाले. गुलाबराव मागच्या रांगेत उभे राहून डोळे पुसत होते.

त्या दिवशी मी जमिनीवर नव्हतो. अहो, मूळ देशानं स्वतः, भर सभेत, काही न मागता फुटीर प्रदेशाला मान्यता द्यायची, असं जगात कितीदा घडतं? मी वस्तीवर पेढे वाटले. मंदानं पेढा घेतला आणि विचारलं, “इतक्या गोडीनं का दिली वो त्यानं?”

“नैतिक दबाव,” मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात खैरेगावची ग्रामसभा होती. आम्ही शेजारी गावचे प्रतिनिधी म्हणून गेलो, ठराव लेखी मागायला. तात्यांच्या डोक्यावर बापूरावांचाच फेटा. मी खांद्यावर शबनम अडकवलेली.

बापूरावांनी तंबाखू मळली, घसा साफ केला आणि म्हणाले, “गावकऱ्यांनो, एक आनंदाची बातमी हुती. मागच्या सभेत तात्यांनी रस्त्याचं मांडलं. मी बघू म्हन्लो. आन मी बघितलं. पुन्याला चार खेपा घातल्या. पांढरमळ्याचा रस्ता मंजूर झालाय. फाट्यापासून समद्या वस्तीपत्तुर. डांबरी.”

तात्या उभे राहिले. त्यांनी बापूरावांना हात जोडले.

“पर आता पंचाईत झाली,” बापूराव पुढं म्हणाले. “पांढरमळा आता आपल्यात न्हाय. आपनच मान्यता दिलीया. सर, तुमी शिकलेलं. एका देशाला दुसऱ्या देशात रस्ता करता येतो का हो?”

आता इथं गप्प बसायचं की नाही? कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण प्रश्न माझ्या विषयातला होता. मी उभा राहिलो आणि वर्गात देतो तसं उत्तर दिलं, “येतो, परंतु त्यासाठी दोन्ही देशांत द्विपक्षीय करार व्हावा लागतो.”

सभा हसून हसून आडवी झाली. कुणीतरी मागून ओरडलं, “सर, व्हिसा बी लागंल का मजुरांना?”

बापूराव हसले नाहीत. “आन टाकीचं पानी बी हाय. ते खैरेगावच्या टाकीचं. आता शेजारच्या गावाला कसं द्यायचं, त्ये बी सांगा.”

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला होता आणि तो दोन्ही हातांत धरून ते उभे होते. मांडीएवढ्या पोराला रागावतात तसं रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं इतकंच म्हणाले, “दिन्या, सोनूच्या नवरदेवाच्या गाडीखाली मी आता काय घालू? तुझा देश?”

मला तिथंच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जमीनसुद्धा खैरेगावची होती.

घरी येताना तात्या माझ्या गाडीवर बसले नाहीत. चिखलातून चालत गेले. सोनू दारात उभी होती. तिनं वडिलांचा चेहरा पाहिला आणि पाय धुवायला पाणी आणायला आत गेली. त्या पोरीला मी नागरिकशास्त्र शिकवलंय. तिच्या लग्नाचा रस्ता मी स्वतःच्या तोंडानं पुसून टाकला, या विचारानं मला जेवण गेलं नाही. मंदानं ताट उचललं आणि म्हणाली, “आता आंतरराष्ट्रीय राजकारन पुरं. सकाळी उठा, बापूरावांच्या गोठ्यात जावा आन चूक कबूल करा.”

गेलो. बापूराव धार काढत होते. मी गोठ्याच्या दारात उभा. स्वतंत्र पांढरमळ्याचा संस्थापक, घटनाकार आणि परराष्ट्रमंत्री.

“बापूराव, पांढरमळा परत घ्या.”

“का? चांगला चाललावता की.”

“माझं चुकलं. पण तात्यांचा रस्ता अडवू नका. वैशाखात लग्न आहे.”

बापूरावांनी धार काढणं थांबवलं नाही. “तात्यांचा रस्ता मी आडविलाच न्हाय, सर. तात्या आमचा हाय, पयल्यापास्नं. त्यो देश काय त्याचा नव्हता. त्यो तुमचा हुता.”

“मग?”

“रस्ता तात्याच्या दारापत्तुर येनार. पानी बी चालू ऱ्हाईल. फकस्त एक हाय. माझ्या पुतन्याच्या मांडवात जे बोलला, ते सोनूच्या मांडवात माईकवर मागं घ्या. पांढरमळा खैरेगावात इलीन झाला म्हनून सांगा.”

मी गहिवरून त्यांचे हात धरणार होतो, पण त्यांच्या हातात धारेची चरवी होती.

रस्ता झाला. वैशाखाच्या आधी झाला. रोलर आला, डांबराचा वास आला, आणि तात्या रोज खाट टाकून रस्त्याकडेला बसायला लागले, जणू त्यांनी लक्ष काढलं तर रस्ता उठून निघून जाईल. रोलर तात्यांच्या अंगणापाशी आला आणि तिथं थांबला. माझं घर, मघाशी म्हणालो तसं, अंगणाच्या पलीकडे.

मी ठेकेदाराला म्हटलं, “अहो, अजून एक घर आहे पुढं.”

तो म्हणाला, “सरपंचांनी हद्द हितपत्तुरच दावलीया.”

मी बापूरावांना गाठलं. ते गंभीरपणे म्हणाले, “सर, तात्याच्या दारापत्तुर म्हन्लोवतो मी. वस्ती इलीन झाली, तसं समद्यांनी येऊन मला सांगितलं. तुमचं पयलं भाषन अजून मागं घ्यायचं ऱ्हायलंय. तवर तुमचं घर परराष्ट्रात. तितं मला हात लावता येत न्हाय.”

लग्नाच्या दिवशी नवरदेवाची गाडी फुलं लावून सरळ तात्यांच्या दारात येऊन थांबली. व्याही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उतरले, दोन्ही चपला पायात. तात्यांनी पाणी घालायला तांब्या आणला होता, पण धुवायला पायाला काही लागलेलंच नव्हतं. तात्या तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले आणि रडायला लागले. मीही रडलो. बापूरावांनी तंबाखू तोंडात टाकली आणि दुसरीकडे पाहिलं.

माईक माझ्या हातात होता. मी विलीनीकरण जाहीर केलं. पांढरमळा हा खैरेगावचा अविभाज्य भाग होता, आहे आणि राहील, असं सगळ्या पाहुण्यांसमोर खणखणीत आवाजात सांगितलं. टाळ्या पडल्या. आता झालं, रोलर परत येणार, असं म्हणून मी पुढच्या चिठ्ठ्या घेतल्या. एकामागून एक वाचत गेलो. पणदऱ्याचे, काटेवाडीचे, शेळगावचे पाहुणे. मुहूर्त जवळ आलेला, घाई झालेली. शेवटची चिठ्ठी हातात पडली आणि मी ती नियमाप्रमाणे वाचली.

“आणि आता, खैरेगावच्या वतीनं सत्कार, आपल्या शेजारील स्वतंत्र राष्ट्राचे एकमेव नागरिक आणि राष्ट्राध्यक्ष, प्राध्यापक दिनकर...”

इथं मी थांबलो. पण उशीर झाला होता. सगळा मांडव उठून उभा राहिला होता. पुकारणारा मी, स्टेजवर जाणाराही मीच. बापूरावांनी मला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला आणि कानात म्हणाले, “घ्या. पूर्ण मान्यता. तुमीच पुकारलंय, आता मागं घेता येत न्हाय.”

माईकचा नियम तुम्हाला सुरुवातीलाच सांगितला. एकदा पुकारलेलं पद चिकटतं. तेव्हापासून दोन्ही तालुक्यांतल्या कुठल्याही लग्नात मी गेलो, की तिथला निवेदक मला राष्ट्राध्यक्ष म्हणूनच वर बोलावतो. रस्ता मात्र अजून तात्यांच्या अंगणातच संपतो. मी विचारलं की बापूराव म्हणतात, “बघू.”

एकमेव नागरिक म्हटलं तेही खरंच निघालं. मंदा आपली स्कूटी तात्यांच्या अंगणात लावते. मी विचारलं तर म्हणाली, “मी खैरेगावची हाय.”

तर असा हा माझा देश. भूभाग आहे, शासन आहे, इतरांशी संबंध आहेत, मान्यता तर भरपूर आहे. त्या सत्कारात मिळालेला टॉवेल मी मोटारसायकलच्या हँडलला अडकवून ठेवलाय. रोज सकाळी चिखलातून गाडी ढकलत खैरेगावच्या डांबरावर चढलो, की आधी त्यानं पाय पुसतो आणि मग बारामतीला जाऊन पोरांना सार्वभौमत्व शिकवतो.